माझ्या सोयीची पट्टी

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघं होतो, आणि त्यातली सगळ्यात चांगली गाणारी माझी वहिनी होती. बँड जेमतेम दोन वर्षं चालला. तो बंद पडला तेव्हा आम्हा तिघांचे आवाज जसेच्या तसे होते, तिचा गेला होता. तो माझ्यामुळे गेला असं घरात कुणी कधी म्हटलं नाही. मला मात्र तसंच वाटत आलं आहे.

आम्ही जबलपूरचे. आजोबा विदर्भातून नोकरीसाठी इकडे आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. पुढे राज्यं नव्यानं आखली गेली, नातेवाईक महाराष्ट्रात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. वडील लवकर वारले. दादा त्यांच्या जागी तोफांच्या कारखान्यात लागला, म्हणून कारखान्याच्या वसाहतीतलं क्वार्टर आमच्याकडे राहिलं. मी कॉलेजात होतो. दादाच्या जिवावर शिकत होतो, आणि शिकण्यापेक्षा गिटार जास्त वाजवत होतो.

माझे दोन मित्र होते. एक रेल्वे कॉलनीतला ख्रिश्चन मुलगा. लहानपणापासून चर्चमध्ये गायलेला, खर्जातला भरदार आवाज. दुसरा गोहलपूर मोहल्ल्यातला, त्याच्या वडिलांचं पत्र्याच्या पेट्या बनवायचं दुकान होतं. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या घरात वाढल्यामुळे की काय, त्याच्या हातात ताल होता. आई एकाला ‘रेल्वेवाला’ म्हणायची आणि दुसऱ्याला ‘पेटीवाला’. मीही इथे तेच म्हणतो.

रेल्वेवाल्यानं आम्हाला मिळून गायला शिकवलं. मिळून म्हणजे सगळ्यांनी एकच चाल म्हणायची असं नाही. एकानं मूळ चाल धरायची, दुसऱ्यानं तिच्या खालून जायचं, तिसऱ्यानं वरून, आणि ऐकणाऱ्याला ते एकच गाणं वाटायला हवं. आम्हाला वेड लागलं त्याचं. स्वतःच चाली करायचो, हिंदीत शब्द बसवायचो, एकदोन मराठीतही होत्या. मूळ चाल मी म्हणायचो. खालचा सूर रेल्वेवाल्याचा. वरचा पेटीवाल्याकडे दिला होता आणि तो दर वेळी माझ्याच चालीवर येऊन आदळायचा.

एका सकाळी आम्ही मागच्या अंगणात बसून तेच करत होतो. वहिनी नळाखाली ड्रम भरत होती. लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. ती मझौलीची, वडील तिथे तहसिलीत कारकून. मराठी बोलायची पण अर्धी हिंदीत वळलेली. आमच्या क्वार्टरमध्ये ती आल्यापासून कामाचे तेवढे आवाज ऐकू येत होते, तिचा स्वतःचा फारसा नाही. त्या दिवशी आम्ही धृपद उचललं आणि पाण्याच्या आवाजातून एक बारीक, स्वच्छ सूर आमच्या डोक्यावरून निघून गेला. बरोबर जिथे जायला हवा तिथेच.

रेल्वेवाला थांबला. “भाभी, फिर से.”

वहिनी दचकली. “काय? मी काही नाही केलं.”

“गाणं म्हटलं तुम्ही,” मी म्हणालो. “कुठून आलं हे?”

“तुमच्याच गाण्याच्या बाजूनं चालून राहिली होती,” ती म्हणाली. “तुम्ही रस्त्यावरून जाता ना, तशी मी कठड्यावरून.” आणि नळ बंद करायला धावली, कारण ड्रम भरून वाहत होता.

असा बँड चौघांचा झाला. वरचा सूर वहिनीकडे गेला आणि पेटीवाला ताल धरून माझ्याच चालीत गाऊ लागला. आईला पटायला वेळ लागला. “घरची सून लोकांसमोर उभी राहून गाणार काहून?” हे तिनं मला विचारलं, दादाला विचारलं, शेजारणीला विचारलं. दादाला गाण्यातलं काही कळत नसे. आरती म्हणताना तो इतका बेसूर व्हायचा की लहान मुलं हसायची. त्यानं वहिनीला एवढंच विचारलं, “तुला आवडते का?” ती हो म्हणाली. “मग गाऊ दे,” तो आईला म्हणाला, “घरचाच तर आहे सोबत.” घरचा म्हणजे मी.

पहिला कार्यक्रम वसाहतीच्या गणपतीत झाला. पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त काकांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, “मेहनत दिसून राहिली तुमची. पण चौघांचे सूर अजून एक नाही झाले.” वहिनी त्यावर घरी येईपर्यंत हसत होती. पण मुलांना आवडलं. कॉलेजच्या गॅदरिंगला बोलावणं आलं, मग रेल्वेच्या क्लबात, मग दसऱ्याला, मग रेडिओवर तरुणांच्या कार्यक्रमात. रेडिओवर आमचं गाणं लागलं तेव्हा आईनं शेजारच्या तीन घरांत जाऊन रेडिओ लावायला सांगितलं, आणि परत येऊन आमच्यावरच रागावली की हे लोक आत्ता चहाला येतील, दूध कुठे आहे.

आता पट्टीचं सांगतो.

माझा आवाज काही मोठा नव्हता. पण एका ठरावीक पट्टीत तो चमकायचा. त्याच्या थोडं खाली गेलो की तो साधा, घरगुती व्हायचा, कुणाचाही असावा असा. त्या चमकेसाठी मी सगळी गाणी त्याच उंच पट्टीत बांधली होती. माझी चाल तिथे, म्हणजे वहिनीचा सूर त्याच्याही वर. तिला शेवटच्या ओळीला अगदी टोकाला जावं लागे, आणि तिथे बराच वेळ उभं राहावं लागे.

रेल्वेवाल्यानं हे सुरुवातीलाच ओळखलं होतं. “यार, दो फ्रेट नीचे ले ले,” गिटारच्या दांडीवरच्या घरांकडे बोट दाखवत तो म्हणाला. “भाभी को बहुत ऊपर जाना पड़ रहा है.”

“मग माझं पडते सगळं,” मी म्हणालो.

“तेरा थोड़ा पड़ेगा. उनका गला बचेगा.”

मी गिटार मांडीवर ठेवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, “वहिनी, उंच होते का तुम्हाला?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “नाही हो भाऊजी. येते मला.”

“बघ,” मी त्याला म्हणालो.

त्यानं खांदे उडवले. मी विचारलं होतं, तिनं उत्तर दिलं होतं, विषय संपला होता. आज तो प्रसंग आठवतो तेव्हा मला माझा चेहरा आठवत नाही, पण मी कसं विचारलं तो स्वर नीट आठवतो. नाही हेच उत्तर हवं असलेला माणूस जसा विचारतो तसा.

दुसऱ्या वर्षी वहिनी सकाळी बोलायला लागली की पहिले काही शब्द जड, खरखरीत यायचे. ती मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायची. कार्यक्रम जवळ आला की दिवसभर कमी बोलायची, खुणांनी काम भागवायची. आईला वाटलं सून डोक्यावर चढली. “दोन टाळ्या काय मिळाल्या, महाराणी तोंड उघडत नाही आता,” असं ती मला ऐकू जाईल असं म्हणायची. मी वहिनीची बाजू घेऊन आईशी भांडलो. बाजारातून मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध, आणून दिली. मला तिचं ते गप्प राहणं आवडायचं, खरं सांगतो. वाटायचं, किती जीव लावून करते ही.

जानेवारीत कुंडम गावाहून बोलावणं आलं. तिथल्या शाळेत आमच्या कॉलेजचा एक जुना विद्यार्थी मास्तर होता. दुपारचा कार्यक्रम, मैदानात, पण जंगलाकडची थंडी अशी की उन्हातही हात आखडत होते. मंचाच्या दोन्ही बाजूंना लोकांनी लाकडं पेटवली होती आणि ओल्या लाकडांचा धूर सरळ आमच्यावर येत होता. चार माईकपैकी दोन बंद. एक मला दिला, एक रेल्वेवाला आणि पेटीवाला यांच्यात. वहिनी माझ्या शेजारी उभी राहून माझ्याच माईकमध्ये गायली, हातभर मागे राहून. मी माईकपासून सरकलो नाही. ती मागच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी आवाज ढकलत होती हे मला ऐकू येत होतं. पोरांनी दोनदा ‘एक बार और’ केलं आणि दोन्ही वेळा मी तेच शेवटचं गाणं उचललं, कारण ते सगळ्यात जास्त गाजायचं.

परतीच्या जीपमध्ये पेटीवाल्यानं तिला काहीतरी विचारलं. तिनं तोंड उघडलं आणि कुजबुज बाहेर आली. आम्ही हसलो. तीही हसली.

पुढच्या आठवड्यात आम्हाला नागपूरला जायचं होतं. तिथे कॅसेट काढणाऱ्या एका माणसानं रेडिओवरचं गाणं ऐकून आम्हाला बोलावलं होतं. दोन गाणी आधी रेकॉर्ड करू, जमलं तर आणखी, असं ठरलं होतं. वहिनीचा आवाज चार दिवसांत थोडा परतला, पण फाटलेला. मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, “सूज आहे. महिनाभर गाणं बंद. बोलणंही कमीच.”

“नागपूरला एक रेकॉर्डिंग आहे, डॉक्टरसाहेब,” मी म्हणालो. “फक्त दोन गाणी.”

“मी सांगितलं ते सांगितलं,” ते म्हणाले.

 रिक्षा घराजवळ आल्यावर वहिनीच कुजबुजली, “जाऊ आपण. एवढ्यानं काही नाही होत.” मी म्हणायला हवं होतं की नाही, नको, त्या माणसाला कळवून टाकतो. मी म्हणालो, “नक्की ना?” रेल्वेवाला म्हणाला की तारीख पुढे ढकलू. मी त्याला सांगितलं की भाभीच म्हणते आहे जायचं. दादाला डॉक्टर काय म्हणाले ते ना तिनं सांगितलं ना मी.

नागपूरची ती खोली लहान होती. भिंतींना गोणपाट आणि पुठ्ठा ठोकलेला, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज टेपवर येतो. मशीनवर एक वयस्क रेकॉर्डिस्ट होते. पहिलं गाणं झालं. वहिनीचा सूर थोडा धुरकट होता पण लागला. रेकॉर्डिस्टनी काचेमागून अंगठा दाखवला. दुसऱ्या गाण्यात शेवटच्या ओळीला आम्ही तिघे वर चढलो, ती आमच्या वर गेली, आणि तिथे तिचा आवाज नव्हता. नुसती हवा होती. आम्ही तिघे थांबलो. ती थांबली नाही. तोंड उघडं, मान ताठ, गळ्याची शीर ताणलेली, आणि काही ऐकू येत नव्हतं.

रेकॉर्डिस्ट आत आले. तिला पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाले, “अहो, दोन पट्ट्या खाली घ्या की. एवढ्या वर काहून गाता?”

मी गिटार हातात घेऊन खाली बांधून पाहिलं. माझा आवाज साधा झाला. पण वहिनीचा कुठल्याच पट्टीत उरला नव्हता. आम्ही उपकरणं आवरली. पेटीवाला तिची पिशवी उचलून बसस्टँडपर्यंत पुढे चालला.  शिवनीला चहा प्यायला बसमधून उतरलो तेव्हा रेल्वेवाला मला म्हणाला, “मैंने बोला था तुझसे.” एवढंच. आणि नंतर पुन्हा कधी बोलला नाही त्याबद्दल.

घशाच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्रावर गाठी झाल्यात, ताण देऊन देऊन. आधी संपूर्ण मौन, मग ऑपरेशन. ऑपरेशनही झालं. ते महिने आमच्या घरात विचित्र गेले. वहिनी टाळी वाजवून हाक मारायची. ज्या आईनं तिला महाराणी म्हटलं होतं ती तिच्यासोबत भाजीवाल्याकडे जायला लागली. वहिनी बोटानं दाखवायची आणि आई तिच्या वतीनं घासाघीस करायची, वहिनीच्याच चिकाटीनं. मी घरात पाय न वाजवता चालायचो. गिटार पलंगाखाली सरकवली होती.

दादा मला एक शब्द बोलला नाही. ते मला फार जड गेलं. शेवटी एका रविवारी तो अंगणात सायकल पुसत होता तेव्हा मीच गेलो आणि म्हणालो, “दादा, तू मला काहीतरी बोल.”

“काय बोलू?”

“रागाव.”

तो चाकाचे आरे पुसू लागला. मग म्हणाला, “मला गाणं समजत नाही. तुमचं ते वर-खाली तर मुळीच नाही. पण पहाटेच्या शिफ्टला मी निघायचो तेव्हा ही डबा भरता भरता गुणगुणायची. हळू. फक्त मला ऐकू येईल एवढं. ते समजायचं मला.” त्यानं फडकं झटकलं. “आता ती डबा भरते. चुपचाप भरते.”

 मी कार्यक्रम, रेडिओ, कॅसेट, सगळ्याचा विचार केला होता. पहाटे स्वयंपाकघरात तिचं एक गाणं होतं आणि ते ऐकणारा एक माणूस होता, हे मला माहीतच नव्हतं.

वहिनीचा आवाज परतला तो जाड आणि खाली. बोलायला ठीक, फोनवर अनोळखी माणूस तिला ‘भाईसाहब’ म्हणायचा. गायला नाही. बँडनं कॉलेजातल्या एका मुलीला घेऊन एक कार्यक्रम केला. मुलगी चांगली गायली. रेल्वेवाल्यानं कार्यक्रम संपल्यावर सांगितलं की त्याला आता नको. त्याला पुढे रेल्वेतच नोकरी लागली आणि तो इटारसीला गेला. पेटीवाला वडिलांच्या दुकानावर बसला. नागपूरच्या माणसानं एका गाण्यासाठी कॅसेट निघत नाही असं कळवलं. मी बँकेत लागलो.

बरीच वर्षं मी वहिनीशी या विषयावर बोललो नाही. ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागायची, माझ्या लग्नात तिनंच सगळं केलं, आणि तिचं हे वागणं मला आधार देण्याऐवजी आणखी खाली दाबायचं. तिची मुलगी मोठी झाली. तिला कुणीतरी सांगितलं की तुझी आई रेडिओवर गायची, तर तिला खरं वाटेना. माझ्याकडे आली. “काका, आई आणि गाणं? झूठ.” मी म्हणालो, “गायची. फार चांगलं.” तिनं विचारलं, “फिर छोड़ काहे दिया?” मी म्हणालो की आईलाच विचार, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीकडे मीच गेलो.

वहिनी मटार सोलत होती. मी समोर बसून चार शेंगा सोलल्या आणि म्हणालो, “वहिनी, ती पट्टी मी माझ्या सोयीसाठी ठेवली होती.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“केव्हापासून?”

“पहिल्या दिवसापासून. कान आहेत ना मला. तुमचा आवाज कुठे खुलते ते मला नाही कळणार?”

“मग बोलल्या काहून नाहीत?”

तिनं हात थांबवले. “तुम्ही विचारलं होतं, आणि कसं विचारून राहिले ते पण समजलं होतं मला. पण भाऊजी, मी काही लहान नव्हती. मला तिथे वर जायचं होतं. दिवसभर घरात खालच्या आवाजातच तर असायची मी. तिथे वर गेली की कुणी मला हाक मारू शकत नव्हतं.” मग ती म्हणाली, “तुम्ही माझ्या आवाजाचं ओझं घेऊन फिरता ते मला दिसते. आवाज माझा होता. मी खर्च केला.”

मला वाटलं आता ती हसेल आणि मी सुटेन. पण ती हसली नाही.

“एक मात्र मनाला लागते अजून,” ती म्हणाली. “रेल्वेवाले भैया खाली घ्या म्हणाले होते. तेव्हा तुम्ही माझ्याकडे नव्हतं पाहिलं. गिटारकडे पाहून विचारलं. आणि डॉक्टरकडे तर मी समोर बसलेली असून तुम्ही दोन गाण्यांचा सौदा करून राहिले होते.”

 तिनं टोपलीतल्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या आणि आम्ही उरलेले मटार सोलले.

त्या बोलण्यानं माझं मन हलकं व्हायला हवं होतं. थोडं झालंही. पण एक गोष्ट मी तिला त्या दिवशी सांगितली नाही, आणि दादाला तर कधीच सांगू शकणार नाही. त्या दोन वर्षांत आम्ही चौघं त्या टोकाच्या सुरावर एकत्र पोचायचो तेव्हा माझ्या अंगावर जो काटा यायचा, तसं नंतर आयुष्यात काही झालं नाही. ना लग्नात, ना मुलं झाल्यावर, ना बढतीत. तिचा गळा त्यात झिजत होता हे कळूनसुद्धा, ते दिवस आठवले की आधी आनंद होतो. वाईट वाटतं ते त्याच्या नंतर. कितीही प्रयत्न केला तरी हा क्रम मला उलटा करता आलेला नाही.